आभाळ थंड आहे, मग गोठा का तापतो?



उन्हाळा जवळ आला की आपल्या बैठकांत पाण्याची चर्चा सुरू होते. कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, टेलच्या माणसाला पाणी पोचणार की नाही, चारा कुठून आणायचा. हे सारे प्रश्न खरेच आहेत. पण या चर्चेत एक गोष्ट दरवर्षी निसटते. ती म्हणजे प्रत्यक्ष ऊन. ऊन म्हणजे देवाची करणी, त्याला कोण काय करणार, असे म्हणून आपण ती बाब बाजूला ठेवतो. आमचे म्हणणे असे आहे की ऊन हा शेतीचा आणि दूधधंद्याचा एक खर्च आहे. तो दरसाल होतो, वाढत्या प्रमाणात होतो आणि कुणाच्याही हिशेबात धरला जात नाही. हा खर्च कमी करण्याचे शास्त्र आज उपलब्ध आहे. त्याला वीज लागत नाही, पाणी लागत नाही. पण ते शास्त्र शहरातल्या इमारतींच्या गच्चीवर जाऊन बसले आहे. काटेवाडीच्या गोठ्यावर ते अजून उतरलेले नाही.

उन्हाचा दंड कोण भरतो?

बारामती-इंदापूर रस्त्याने जा. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, कुठेही पाहा. उसाच्या कडेला पत्र्याचे शेड आणि त्याखाली संकरित गाई. विदेशी रक्ताची गाय थंड मुलखातली. शास्त्रज्ञ मंडळी हवेचे तापमान आणि दमटपणा मिळून एक निर्देशांक काढतात. तो ७२ च्या वर गेला की या गाईला त्रास सुरू होतो. आपल्याकडे मार्च संपला की दिवसभर तो त्याच्या वरच असतो. गाय धापा टाकते, तोंडातून लाळ गाळते, वैरणीला तोंड लावत नाही. चारा पचवताना पोटात उष्णता तयार होते म्हणून ती खाणेच कमी करते. खाणे कमी, म्हणून दूध कमी. भरवलेली गाय उलटते आणि पुढचे वेतही लांबते.

यातला सगळ्यात अन्यायाचा भाग पुढे आहे. उन्हाळ्यात दुधाचे माप घटते, आणि त्याबरोबर फॅटही घसरते. गाईच्या दुधाचा दर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला बांधलेला. त्याखाली गेले की पॉइंटाला कपात. म्हणजे दूध कमी झाल्याचा तोटा शेतकऱ्याचा आणि उरलेल्या दुधाला दर कमी मिळाल्याचा तोटाही शेतकऱ्याचाच. ऊन सगळ्यांवर सारखे पडते. त्याचा दंड मात्र एकट्या उत्पादकाकडून वसूल होतो.

एक साधा हिशेब मांडू. दहा गाई आहेत. उन्हामुळे गाईमागे दिवसाला दोन लिटर दूध कमी झाले असे धरा. नव्वद दिवसांचा उन्हाळा. अठराशे लिटर. लिटरला तीस रुपये धरले तर चौपन्न हजार रुपये. फॅटची कपात, डॉक्टर, उलटलेली गाय हे त्यात नाही. आमचे आकडे सोडून द्या, प्रत्येकाने आपल्या वहीतले आकडे घालावेत. पण घालावेत. कारण हा खर्च जोवर कागदावर येत नाही तोवर दर ठरवताना तो कुणी विचारात घेणार नाही.

गाईचे झाले, माणसाचे काय? दुपारी एक वाजता पत्र्याखाली चूल किंवा गॅस पेटवून भाकरी करणारी बाई कुठल्याही कारखान्याच्या भट्टीवरच्या कामगाराइतकीच तापते. ऊसतोडीला आलेली कुटुंबे काळ्या प्लॅस्टिकच्या कोपीत मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली अंदाज दिला की २०३० सालापर्यंत उष्णतेमुळे भारतातले ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. या तासांत शेतातले तास मोठ्या प्रमाणात आहेत. आणि १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर भरलेल्या सरकारी समारंभात उष्माघाताने चौदा माणसे गेली हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ऊन माणूस मारते. शेतात मेलेल्या माणसाची बातमी होत नाही एवढेच.

छपराचा जमाखर्च

आता छपराकडे पाहू. वीस बाय तीस फुटांचा गोठा घ्या. छप्पर सुमारे ५६ चौरस मीटरचे. भर दुपारी एक चौरस मीटरवर साधारण एक हजार वॅट इतके ऊन पडते. म्हणजे या एका छपरावर ५६ किलोवॅट, सुमारे ७५ हॉर्सपॉवर. पाच एचपीच्या पंधरा मोटारी डोक्यावर एकदम चालू आहेत असे समजा. जुना गंजलेला पत्रा यातल्या अकरा-बारा मोटारींइतकी उष्णता आत घेतो. वरून पांढरा चुना असेल तर चार-पाच मोटारींइतकीच आत जाते. बाकीची आली तशी परत जाते.

पण छपराच्या जमाखर्चात दुसरीही एक बाजू आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. कोणतीही वस्तू ऊन घेते तशी आपली उष्णता बाहेर सोडतही असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने. ही उष्णता सोडण्यात काही वस्तू उदार असतात, काही कंजूष. नवा कोरा चकाकणारा पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण स्वतःची उष्णता सोडण्यात महाकंजूष. म्हणून चकाकत असूनही त्याला हात लावता येत नाही. चुना, माती, कौल हे उष्णता सोडण्यात उदार. छप्पर थंड राहायचे असेल तर दोन्ही गुण हवेत. ऊन कमी घ्यावे आणि धग सढळ हाताने आभाळाला द्यावी. जमा कमी, खर्च जास्त. आपल्या शेतीच्या वहीत जी गोष्ट आपल्याला बुडवते, ती छपराच्या वहीत आपल्याला तारते.

आभाळाला धग द्यायची म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. थंडीच्या दिवसांत अंगणात उभी केलेली मोटारसायकल सकाळी दवाने ओली असते आणि छपराखालची कोरडी असते. हवा दोन्हीकडे तीच. फरक इतकाच की अंगणातल्या गाडीला वर मोकळे आभाळ दिसत होते. तिने रात्रभर आपली उष्णता आभाळाला दिली, ती हवेपेक्षा थंड झाली आणि तिच्यावर दव धरले. द्राक्षबागायतदाराला हे चांगले माहीत आहे. निरभ्र रात्र आली की त्याला बागेची धास्ती आणि ढग आले की थंडी कमी.

कारण असे की हवेतली वाफ आणि कर्बवायू जमिनीची बरीचशी उष्णता अडवून परत खाली पाठवतात. पण किरणांचा एक पट्टा, ८ ते १३ मायक्रोमीटर लांबीचा, हवेला अडवता येत नाही. ती आभाळाची उघडी खिडकी आहे. तिच्या पलीकडे अवकाश आहे आणि ते शून्याखाली २७० अंश इतके थंड आहे. एवढा मोठा थंडावा रोज आपल्या डोक्यावर आहे, त्याला मीटर नाही आणि बिल नाही. दिवसा आपल्याला तो जाणवत नाही, कारण उन्हाची जमा आभाळाला होणाऱ्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त असते.

जुने शहाणपण, नवे संशोधन

या थंडाव्याचा उपयोग आपल्या देशात फार पूर्वीपासून होत होता. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादच्या बर्फाची हकीकत छापली. उघड्या मैदानात उथळ खड्डे खणायचे, तळाशी वाळलेला ऊस नाहीतर मक्याची ताटे पसरायची, त्यावर कच्च्या मातीची उथळ ताटल्यांसारखी भांडी मांडायची आणि संध्याकाळी त्यात पाणी भरायचे. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री पहाटेपर्यंत त्याचा बर्फ होई. हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही होई. खालून जमिनीची ऊब येऊ नये म्हणून उसाचा थर, आणि वर मोकळे आभाळ. पुढे १८१४ साली विल्यम वेल्स या डॉक्टरने दवावर निबंध लिहून यामागचे कारण स्पष्ट केले. खड्डे खणणारा, पाणी भरणारा आणि पहाटे बर्फ गोळा करणारा मजूर हिंदुस्थानी होता. त्या बर्फाचे सरबत साहेबाच्या टेबलावर जात होते.

रात्रीचे हे काम दिवसा, भर उन्हात करून दाखवले ते अलीकडे. २०१४ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात आस्वथ रामन, शान्हुई फॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदीवर सात पातळ थर देऊन एक आरसा बनवला. तो ९७ टक्के ऊन परतवत होता आणि त्याच आठ ते तेराच्या खिडकीतून धग सोडत होता. उन्हात गच्चीवर ठेवलेला हा आरसा आजूबाजूच्या हवेपेक्षा ४.९ अंश थंड राहिला. कसलाही पंखा नाही, मोटार नाही. चांदीचा आरसा अर्थातच आपल्या कामाचा नाही. पण पुढे पर्ड्यू विद्यापीठात शिउलिन रुआन यांच्या गटाने साधे रंग बनवले. २०२० साली कॅल्शियम कार्बोनेटचा, ९५.५ टक्के ऊन परतवणारा. २०२१ साली बेरियम सल्फेटचा, ९८.१ टक्के परतवणारा.

ही नावे ऐकून दबून जाण्याचे कारण नाही. बेरियम सल्फेट म्हणजे बॅराइट. त्याचा जगातला एक मोठा साठा आंध्र प्रदेशात मंगमपेटला आहे. आणि कॅल्शियम कार्बोनेट तर आपल्या घरचेच. भिंतीला मारलेला चुना वाळताना हवेतला कर्बवायू घेतो आणि त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते. प्रयोगशाळेतल्या रंगात कणांचे आकार, प्रमाण आणि थराची जाडी नेमकी साधलेली असते, म्हणून त्याचा गुण बादलीत कालवलेल्या चुन्यापेक्षा मोठा. पण जात तीच. आपल्या आजोबांच्या धाब्याच्या घरावरची पांढरी माती आणि दसऱ्या-दिवाळीची सफेदी हे याच विद्येचे धडे होते. पत्रा आला, उभारणी स्वस्त आणि झटपट झाली, आणि तो धडा पुसला गेला.

शहराला आकडा, गोठ्याला अंदाज

मग हे ज्ञान गेले कुठे? केंद्र सरकारने २००७ साली मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता काढली. तिच्यात छपराने ऊन किती परतवावे याचा आकडा आहे. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यातल्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला आणि २०१७ पासून वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचा कार्यक्रम घेतला. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. या गोष्टी चांगल्या आहेत, आम्हाला त्यांचा आकस नाही. पण यात शहर आहे. गाईचा गोठा, कोंबड्यांचे शेड, कांद्याची चाळ, कोपी, वस्तीवरची पत्र्याची शाळा यांचा विचार कुणी करायचा?

पत्रा विकत घ्यायला जा. दुकानदार गेज सांगतो, लांबी सांगतो, कंपनी सांगतो. हा पत्रा ऊन किती परतवतो आणि धग किती सोडतो, हे सांगत नाही. खताच्या पोत्यावर १०:२६:२६ छापलेले असते म्हणून आपण निदान भांडू तरी शकतो. छपराच्या रंगाच्या डब्यावर ‘कूल’ असा इंग्रजी शब्द मोठा असतो आणि आकडा असलाच तर भिंग लावून शोधावा लागतो. ज्या मालाचा गुण मोजता येतो, त्याचे माप ग्राहकाला न देणे ही काटा मारण्याचीच एक रीत आहे.

आणि आपला मुलूख तर या कामासाठी फार सोयीचा. बारामती-इंदापूर पर्जन्यछायेत. पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात. मार्च ते मे हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र. आभाळाची खिडकी सगळ्यात जास्त उघडी असते ती अशाच हवेत. ज्या कोरडेपणाने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या छळले, तोच इथे कामाला लावता येतो. शिवाय माळेगाव खुर्दच्या माळावर २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी आहे. दुष्काळ, उष्णता, क्षार असल्या संकटांवर काम करण्यासाठीच ती आहे. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्रही हाकेच्या अंतरावर. डाळिंबाला उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून केओलिनच्या पांढऱ्या मातीची फवारणी करा, असे शास्त्रज्ञच आपल्याला सांगतात आणि आपण करतो. फळाची साल वाचवण्याचे जे तत्त्व, तेच छपराचे. फळावर ते चालते, तर गाईच्या डोक्यावर का चालू नये?

भाबडेपणा नको

कोणी म्हणेल, झाड लावा, ते सगळ्यांत चांगले. आम्हीही तेच म्हणतो. पण लिंबाची सावली पडायला आठ-दहा वर्षे लागतात आणि गाय या उन्हाळ्यात धापा टाकते आहे. कोणी म्हणेल, फॉगर लावा. लावावेत, ज्याच्याकडे दुपारी वीज आहे आणि टाकीत पाणी आहे त्याने.

चुन्याचेही दोष आहेत. पहिल्या पावसात तो धुऊन जातो. ओला चुना पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा खातो. आपल्याकडे कारखान्यांचे बॉयलर पेटले की काजळी उडते, रस्त्याचा फुफाटा उडतो आणि पांढरे छप्पर महिन्याभरात करडे होते. करडे झाले की गुण गेला. दमट हवेत आणि ढगाळ दिवसांत आभाळाची खिडकी अर्धी बंद असते. हिवाळ्यात रात्री शेड जास्त गार पडेल, वासरांना आडोसा करावा लागेल. आणि छप्पर कितीही पांढरे असले तरी बाजूने येणारी उष्ण झळ ते अडवणार नाही. वारा खेळता हवा, पाणी पुढ्यात हवे आणि दुपारी बारा ते चार माणसाला विसावा हवा. छपराने हे सारे टळत नाही, फक्त सोपे होते. जो विक्रेता याहून जास्त सांगेल, त्याच्याकडे मोजमाप मागा.

आमचे मागणे

पहिले, छपराच्या प्रत्येक पत्र्यावर आणि रंगाच्या प्रत्येक डब्यावर दोन आकडे मराठीत छापलेले असावेत: ऊन किती टक्के परतवतो आणि धग किती सोडतो. नवा असताना किती आणि एक उन्हाळा-पावसाळा गेल्यावर किती, हेही असावे.

दुसरे, आपल्या भागातल्या संशोधन संस्थांनी हे प्रयोग आपल्या गोठ्यांत करावेत. काजळी पडणाऱ्या गावात कोणते मिश्रण किती दिवस टिकते, जस्ताच्या पत्र्याला कोणते धार्जिणे, सिमेंटच्या पत्र्याला कोणते, दर चौरस फुटाला खर्च किती आणि दूध किती वाचले, याची उत्तरे ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावीत. प्रबंध इंग्रजीत खुशाल लिहावा.

तिसरे, गोठा आणि घरकुलाच्या सरकारी अंदाजपत्रकात नुसता ‘पत्रा’ असा शब्द असू नये. थंड राहणारे छप्पर असा निकष असावा. एका ठरावीक कंपनीच्या रंगाला अनुदान नको. त्यात ठेकेदार थंड होतो, गोठा होत नाही.

चौथे, कारखान्यांनी ऊसतोड मजुरांच्या तळावर काळ्या प्लॅस्टिकऐवजी बाहेरून पांढरे, जाड आच्छादन द्यावे. हा उपकार समजू नये. तोडणीचे तास वाचले तर कारखान्याचाच फायदा.

पाचवे, दुधाचा उत्पादनखर्च काढताना उन्हाळ्याची घट त्यात धरावी आणि उन्हाने फॅट घसरते त्या महिन्यांत कपातीचा काटा सैल करावा.

मागण्या पूर्ण होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक गावात दोन सारखे गोठे निवडावेत. एकाला फाल्गुनात चुना-डिंकाचे दोन हात द्यावेत, दुसरा आहे तसा ठेवावा. दोन्हीकडे गाईच्या पाठीच्या उंचीवर साधा तापमापक टांगावा. दुपारी दोनचा आकडा आणि दोन्ही वेळचे दूध रोज वहीत लिहावे. लिहिण्याचे काम मायबहिणींकडे असावे, कारण दावणीची खरी खबर त्यांनाच असते. आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीला येते, परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचे रिंगण होते. तोवर आपल्याकडे नव्वद दिवसांची वही तयार असेल. ती घेऊन जिल्ह्याच्या बैठकीला या. दहा गावांच्या वीस वह्या एका टेबलावर ठेवल्या, की उन्हाचा खर्च किती आणि तो कुणी भरला, याचा वाद उरणार नाही.